आडनाव नसलेला पणजोबा

परवा वडगावला तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. साठीच्या पुढचे, पवन मावळातले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद त्यांनी काढला. मोडीतल्या जुन्या नोंदीची झेरॉक्स, आणि खाली जाणकाराकडून करून घेतलेलं देवनागरी लिप्यंतर. त्यात त्यांच्या पणजोबांचं नाव होतं. खरं नाव सांगत नाही, समजा 'राणू बिन म्हादू'. पुढे जात, शेताचं नाव, आकार. आडनाव नाही.

"पत्रकार, हा माझा पणजा. आख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण कागदावर आमचं आडनावच नाय. आता हा आमचाच, हे कुणाला आणि कसं पटवू?"

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला आपल्या भागात डॉक्टरपेक्षा जास्त भाव आला आहे. आरक्षणाच्या वादात मी या पोस्टमध्ये पडत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं डोकं तात्यांच्या प्रश्नातच अडकलं. राणूला आडनाव का नव्हतं? आणि आपल्याला ते कुठून आलं?

'बिन' म्हणजे मुलगा. शब्द अरबी, सुलतानी कारभारातून आपल्या दप्तरात आला आणि इंग्रज आले तरी तिथेच राहिला. बायकांच्या नावापुढे 'कोम' यायचं, म्हणजे अमक्याची बायको. राणू बिन म्हादू, सखू कोम राणू. एवढ्यावर गावचा कारभार बिनघोर चालायचा. कारण गावात आडनावाचा उपयोगच नव्हता. ज्या गावात निम्मी घरं एकाच भावकीची, तिथे आडनाव सांगून काय कळणार? आजही तेच आहे. फ्लेक्सवर 'ऊर्फ आबा', 'ऊर्फ बाळासाहेब', 'ऊर्फ पप्पूशेठ' का लिहावं लागतं? नाव, बापाचं नाव आणि आडनाव असं तिन्ही सारखं असलेले दोघं एकाच वॉर्डात निघतात म्हणून. पत्रकारितेचा डिप्लोमा घेऊन नवा नवा लागलो होतो तेव्हा मी स्वतः ही चूक केली आहे. जुगाराच्या धाडीच्या बातमीत पूर्ण नाव छापलं, गाव छापलं, आणि सकाळी सातला त्याच नावाचे दुसरे सज्जन, भजनी मंडळाचे टाळकरी, घराच्या दारात. त्या दिवसापासून वयही छापतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आडनाव गावातल्यांसाठी नसतं, परक्यांसाठी असतं. 'कर' लागणारी आडनावं बघा. कार्ल्यात राहणाऱ्याला कुणी कार्लेकर म्हणेल का? सगळेच कार्ल्याचे. तो पुण्याला, मुंबईला गेला की मग कार्लेकर. तेंडोलीतून निघालेले तेंडुलकर झाले. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर नाव घेतलं. कोकणी माणूस पोटासाठी मुंबईला जास्त गेला, म्हणून तिकडे 'कर' जास्त. मावळात दाभाडे, भेगडे, शेळके, ढोरे, वाळुंज, हुलावळे, केदारी, गराडे अशी बिनकरांची गर्दी आहे. गाव सोडलं नाही त्याला गावाची पाटी गळ्यात घालायची गरज पडली नाही.

एक गैरसमज इथेच काढतो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे आपल्या मावळचे, असं अधूनमधून कुणीतरी अभिमानाने लिहितं. त्यांचं घराणं मूळ संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं. आपलं मावळ म्हणजे मावळतीचा मुलूख, घाटमाथ्याजवळची खोरी. दोन्हींचा संबंध नाही. अभिमान ठेवायला आपल्याकडे दुसरं भरपूर आहे.

उदाहरणार्थ, कार्ल्याची लेणी. एकवीरेला जाताना आपण ज्या चैत्यगृहावरून पुढे जातो, त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीची आडनावं कोरली आहेत. मी गंमत करत नाही. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. दान देणाऱ्याने नुसतं नाव नाही दिलं. कुठला, काय करतो, कुणाचा मुलगा, हेही दिलं. वैजयंतीहून आलेला शेठ भूतपाल, ज्याने हे शैलगृह पुरं केलं आणि जंबुद्वीपात याच्यासारखं दुसरं नाही असं बेधडक लिहवून घेतलं. आपल्याकडच्या बिल्डरांच्या जाहिरातीची सुरुवात तिथली! धेनुकाकटचा सिंहदत्त, धंदा 'गंधिक', म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. हाच शब्द घासत घासत पुढे गांधी झाला. त्याच धेनुकाकटचा वेणुवासाचा मुलगा सामी, 'वढकी', म्हणजे सुतार. हिंदीतला बढई तो हाच. बेडसे लेण्यात तर एक लेख आहे, नाशिकहून आलेल्या आनंद शेठचा मुलगा पुसणक याचं दान. 'नासिकतो' असा शब्द आहे, नाशिकहून. सरळ नाशिककर! परगावी आला, म्हणून गाव लावलं. नियम तोच.

कार्ल्याच्या खांबांवर यवनही आहेत. यवन म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. पण त्यांची नावं बघितली तर सिंहध्वज, धर्म. बापाने तिकडे काय नाव ठेवलं होतं ते गेलं, इथे आल्यावर इथलं नाव घेतलं. नहपान राजाच्या जावयाने याच लेण्यांतल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिलं, तोही लेख तिथे आहे. लेण्याचं नाव तेव्हा वलूरक होतं. त्या शक जावयाच्या बापाचं नाव दिनीक आणि त्याचं स्वतःचं उसभदात, म्हणजे ऋषभदत्त. एका पिढीत नाव पूर्ण देशी झालं. बाहेरून आलेल्यांच्या नावावरून आज सोशल मीडियावर जे रण माजतं ते बघून मला हा जावई नेहमी आठवतो.

आणि आईचं नाव. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येईल. त्यावर आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ होता, 'परंपरा मोडली' म्हणून. परंपरा बघायची तर भाज्याला जा. तिथल्या पाण्याच्या टाक्यावर दात्याचं नाव आहे, महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त. कौशिकीचा मुलगा विष्णुदत्त. कार्ल्याला वासिष्ठीपुत्र आहेत, सातवाहनांत गौतमीपुत्र आहे. एक बारकावा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. कौशिकी, वासिष्ठी ही आईची घरातली हाक मारायची नावं नव्हेत, तिच्या माहेरच्या गोत्रावरून आलेली आहेत. म्हणजे कोसिकीपुत्राच्या आईला घरात काय म्हणत ते भाज्याच्या कातळावरही नाही. ते लिहायची पाळी २०२४ वर आली.

आता वरची नावं पाहिलीत तर आगनिमित्रणक, आपदेवणक, पुसणक असा शेवटी 'णक' येतो. बेडशाला महाभोजाची मुलगी महारठिणी सामडिनिका हिने दान दिलं, आपदेवणक तिचा नवरा. आणि तिकडे कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं आहेत, त्यांच्या शेवटी 'नाक'. मी फक्त दोन्ही शेजारी ठेवतो. लेण्यातली नावं महारठींची नि शेठांची, स्तंभावरची ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांची. पुढच्या वेळी कुणी आडनाव ऐकून माणसाची किंमत ठरवायला लागला की त्याला दोन्ही ठिकाणी सहलीला न्यावं.

कारण खरी गोम तिथेच आहे ना. 'आडनाव काय?' हा प्रश्न आपल्याकडे सरळ नसतो. भाड्याने खोली बघताना, स्थळ बघताना, बूथवर यादी बघताना तो विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला हवं असतं वेगळंच. बीडमध्ये २०२५ साली पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावच काढायला लावलं, ते याच कारणाने. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. घराणं सकपाळांचं, गाव मंडणगडजवळचं आंबडवे. गावावरून आडनाव, पुन्हा गाव सोडलेल्या घराचंच. पुढे याच बाबासाहेबांनी आपल्या तळेगावात घर घेतलं, हे तळेगावच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

तळेगावचा विषय निघालाच आहे तर तिथली उलटी गंमत सांगतो. सगळीकडे गावावरून माणसाचं आडनाव पडलं, इथे माणसाच्या आडनावावरून गावाचं पडलं. जिथे तळं तिथे तळेगाव, त्यामुळे एका पुणे जिल्ह्यातच दोन मोठी तळेगावं. मग ओळखायचं कसं? हे दाभाड्यांचं, शिरूर तालुक्यातलं ढमढेऱ्यांचं. गावालाच आडनाव लागलं. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापती केलं, पुढे उमाबाईंनी घराण्याचा कारभार पेलला. दाभाड्यांच्या हाताखाली पुढे आलेले दमाजी गायकवाड, त्यांच्या वंशजांनी बडोद्याचं राज्य केलं. गायकवाड म्हणजे गायींना कवाडाआड आसरा देणारे, अशी कथा घराण्यात सांगतात. कथा म्हणून छान आहे. आडनावांच्या अशा कथा मी ऐकून घेतो, पण पैज लावत नाही.

मोऱ्यांचंच घ्या. कुणी म्हणतं मौर्यांवरून, कुणी म्हणतं देवकातल्या मोराच्या पिसावरून. आणि शेजारी देहूला गेलं की तुकोबांचं कुळ मोरे, आडनाव अंबिले. एकाच घराला दोन, आणि आज त्यांचे वंशज मोरे लावतात. म्हणजे 'आमचं आडनाव पहिल्यापासून हेच' असं जो ठामपणे सांगतो, त्याने जुने कागद अजून पाहिलेले नाहीत एवढंच समजावं.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, पोतदार ही तर नोकरीची नावं. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. नोकरी गेली, पाटी राहिली. मुंबईच्या पारशी-बोहरी मंडळींचं 'वाला' हे त्यातलंच भावंडं, पण ते जास्त मोकळं. दारू विकली तर दारूवाला. आपल्यात कुणी लावलं असतं?

परक्याचं नाव आपण कसं घडवतो याचा नमुना वडगावलाच आहे. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज घाट चढून पुण्यावर निघाली होती. त्यात कॅप्टन स्टुअर्ट नावाचा अधिकारी होता, कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने मेला. मराठ्यांनी ती लढाई जिंकली, इंग्रजांना वडगावला तह करायला लावला, आणि मेलेल्या शत्रूचं नाव ठेवलं 'इष्टुर फाकडा'. स्टुअर्टचा इष्टुर झाला, आणि शौर्य बघून फाकडा ही पदवी आपण दिली. वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची समाधी आहे. शत्रूला इतक्या मोकळ्या मनाने टोपणनाव देणारी माणसं आपल्या तालुक्यात होती.

आता जरा लांब जातो, कारण तात्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिकडे आहे. नेदरलँड्सच्या उत्तरेला, समुद्राला लागून फ्रिसलंड नावाचा प्रांत आहे. जमीन इतकी सखल की जुन्या काळी लोक मातीचे उंचवटे रचून त्यावर घरं बांधायचे. त्या उंचवट्याला ते तेर्प म्हणतात. तिथेही बहुतेक साध्या माणसांचं बापाच्या नावावर भागायचं, आपल्या 'बिन'सारखं. १८११ साली नेपोलियनचं फर्मान निघालं, की ज्याला आडनाव नाही त्याने कचेरीत येऊन कायमचं आडनाव नोंदवावं. लष्करभरती आणि करवसुलीसाठी माणूस कागदावर पक्का हवा होता. मग तेर्पावर राहणारा झाला तेर्पस्ट्रा, बांधावर राहणारा डाइक्स्ट्रा, कोपऱ्यावरचा हूकस्ट्रा. त्यांचं 'स्ट्रा' म्हणजे आपलं 'कर'च समजा. संगणकशास्त्रात एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची त्यांची पद्धत १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि ती आजही शिकवली जाते. शनिवारी घाटात गाड्या तुंबल्यावर मोबाइल तुम्हाला जुन्या हायवेकडे वळवतो ना, त्या हिशोबाच्या मुळाशी या बांधकरांचं डोकं आहे. तुंगार्लीच्या गल्लीत आणून सोडतो तो दोष मात्र त्यांचा नाही.

आपल्याकडे असं एका तारखेचं फर्मान निघालं नाही. इथे आडनाव पक्कं झालं ते हळूहळू. शाळेच्या दाखल्याने, पलटणीतल्या आणि रेल्वेतल्या नोकरीने, जमिनीच्या फेरफाराने. म्हणजे ज्याचा कागदाशी संबंध आला त्याचं आधी, ज्याचा आला नाही त्याचं शेवटी. मास्तरांनी विचारलं, घरच्यांनी सांगितलं, लिहिलं गेलं. तात्यांचा पणजा राणू ना शाळेत गेला ना पलटणीत. त्याला आडनाव सांगायची वेळच आली नाही.

आपल्याच तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर जा, हा प्रश्न आजचा आहे. कातकरी हे नावच धंद्याचं, खैरापासून कात काढणारे. हिलम, मुकणे, वाघमारे, पवार अशी आडनावं. पोराचं नाव वारावरून, सोम्या, मंगळ्या, बुध्या. तेच नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, शाळेत मास्तरांनी 'चांगलं' करून लिहिलेलं तिसरं. एका वाडीवर मी अशा चार कागदांचा फोटो काढला होता, एकाच माणसाचे, चार नावं. कचेरीत त्याला सांगितलं होतं की हे चौघं एकच असल्याचा पुरावा आणा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मीच आलोय की."

साधी नावंसुद्धा काय काय सांगतात. पोरं जगत नसली की आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा अशी नावं ठेवायचे, यमाला वाटावं हे टाकाऊ आहे, नको न्यायला. त्यात जीव होता. आणि मुलगी नको असताना झाली म्हणून 'नकुशी', त्यात काय होतं? साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. उकिरडा नाव ठेवणारी आई आणि नकुशी नाव ठेवणारं घर यांना एका मापाने मोजू नका.

तर तात्या. टपरीवर दोन चहा झाले तरी आम्ही कागदच बघत होतो. मला आडनाव शोधायची सवय, म्हणून मी नावाभोवतीच घुटमळत होतो. तात्यांनी बोट ठेवलं शेताच्या नावावर. 'जांभळीचं'.

"हे तर आमचं वरचं वावर. आजी जांभळीचंच म्हणायची. झाड मी लहान असतानाच पडलं."

सातबाऱ्यावर आज 'जांभळीचं' नाही, गट नंबर आहे. एकत्रीकरणात शेतांची नावं गेली आणि आकडे आले. पण जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांची जुळणी कागदावर असते, आणि त्या नंबरावरचे फेरफार एकामागे एक लावता येतात. दोन आठवडे खेपा घालून तात्यांनी ते काढले. एका फेरफारात राणू मयत, वारस मुलगा, आणि तिथे मुलाच्या नावापुढे पहिल्यांदा आडनाव आलं आहे. शेत तेच. माणूस नावाने सापडत नव्हता, जमिनीने सापडला.

त्या वावरातलं अर्धं तात्यांच्या भावाने मागेच मुंबईच्या पार्टीला विकलं. तिथे आता बंगल्यांची स्कीम आहे, गेटवर इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव लावलंय. उरलेल्या अर्ध्यात तात्या भात लावतात. अर्ज दाखल झाला आहे, पुढची तारीख पडली आहे, काय होतं ते कळवेन.

तोवर एक काम करा. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसून आपल्या शेतांची नावं लिहून घ्या. गट नंबर नको, नावं. चिंचेचं, माळाचं, खाचरातलं, जे काय असेल ते. इथे खाली टाका, मी गाववार यादी करतोय.